रुपयाचा भाव आणि विकासाची किंमत

डॉलरचा भाव पाऊण-एक रुपयाने चढला की 'रुपया घसरला' अशा मथळ्यांनी वर्तमानपत्रांची पाने भरून जातात आणि त्याबरोबर एक जुना वाद नव्याने सुरू होतो. एका पक्षाला चलनाच्या घसरणीत देशाची बेअब्रू दिसते. रुपया ताठ राहिला तर देशाची मान ताठ, असा त्याचा साधा हिशेब असतो. दुसऱ्या पक्षाला याच घसरणीत निर्यातवाढीची सुवर्णसंधी दिसते. रुपया स्वस्त झाला की देशाचा माल जगात खपेल, कारखाने चालतील, रोजगार वाढेल आणि विकासाचा वेग चढेल, असे त्याचे प्रतिपादन असते. दोन्ही पक्ष गेली शंभर वर्षे आपापल्या जागी ठाम उभे आहेत. या शंभर वर्षांत रुपयाने मात्र दोघांनाही वेळोवेळी खोटे पाडले आहे.

विनिमय दर, किंवा जुन्या पिढीच्या शब्दांत हुंडणावळीचा भाव, ही मुळात एक किंमत आहे. तिच्यात ना मान असतो ना अपमान. परंतु ही किंमत इतर किमतींसारखी नाही. कांद्याचा भाव बदलला तर कांदा पिकविणारा आणि खाणारा यांच्यापुरता प्रश्न असतो. विनिमय दर बदलला की देशात येणारी आणि देशाबाहेर जाणारी प्रत्येक वस्तू एकदम महाग किंवा स्वस्त होते. निर्यातदार आणि आयातदार, कर्जदार आणि सावकार, मालक आणि मजूर या साऱ्यांच्या ताटातील वाटा त्याबरोबर हलतात. म्हणूनच विनिमय दर आणि आर्थिक विकास यांचा संबंध पाहताना रुपया वर गेला की खाली आला, एवढेच विचारून भागत नाही. तो हलला तेव्हा देशाजवळ विकण्यासारखे काय होते आणि त्या हालचालीची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

येथे एक भेद आरंभीच ध्यानात घ्यावयास हवा. फलकावर लिहिलेला दर वेगळा आणि खरा दर वेगळा. समजा, डॉलरचा भाव ५ रुपये आहे आणि देशात ५० रुपयांना तयार होणारे कापड परदेशात १० डॉलरना विकले जाते. पुढील काही वर्षांत देशातील महागाईने त्याच कापडाचा खर्च ८० रुपयांवर नेला, पण डॉलरचा भाव ५ रुपयेच ठेवला गेला, तर परदेशी ग्राहकाला तेच कापड १६ डॉलरना पडेल. प्रतिस्पर्ध्याचा भाव तोपर्यंत १० डॉलरच राहिला असेल, तर ग्राहक त्याच्याकडे जाणार, हे उघड आहे. फलकावरचा रुपया तसूभरही हललेला नाही, परंतु खऱ्या अर्थाने तो महाग झालेला आहे. विकासावर परिणाम होतो तो या खऱ्या दराचा.

अठरा पेन्सांचा रुपया

महाग रुपया विकासाला कसा मारक ठरतो, याचा धडा देशाने परकीय राजवटीत घेतला. हिल्टन यंग आयोगाच्या १९२६ च्या शिफारशीनुसार १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स, असा ठरविण्यात आला. मुंबईचे व्यापारी आणि गिरणीमालक १६ पेन्सांचा आग्रह धरून होते. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी याच मुद्द्यावर आपली भिन्नमतपत्रिका जोडली होती. दोन पेन्सांचा हा वाद वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण १६ पेन्सांच्या दराने निर्यात मालाच्या एका पौंडाचे १५ रुपये मिळत. १८ पेन्सांच्या दराने त्याच पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै होत. परदेशी जाणाऱ्या कापसाचा भाव अखेर लंडन-लिव्हरपूलच्या बाजारात ठरणार असल्याने ही तूट खानदेश-वऱ्हाडातील शेतकऱ्यापर्यंत पोहोचणे अटळ होते. उलट मँचेस्टरचे कापड त्याच प्रमाणात स्वस्त होऊन मुंबईच्या गिरण्यांशी स्पर्धा करू लागले.

मग या दराचा लाभ कोणाला? एक लाभार्थी होते खुद्द सरकार. निवृत्तिवेतने, व्याज आणि अन्य खर्च यांपोटी लंडनला दरवर्षी जी रक्कम पौंडांत पाठवावी लागे, तिच्यासाठी आता कमी रुपये पुरत. १९२९ च्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळल्यावरही हा दर सोडण्यात आला नाही. १९३१ च्या सप्टेंबरात पौंड सुवर्णापासून सुटला, तेव्हा रुपयाची गाठ त्याच १८ पेन्सांनी पौंडाशी कायम ठेवण्यात आली. पुढील काही वर्षांत देशाच्या खेड्यापाड्यांतून सोन्याचा ओघ परदेशी वाहू लागला. त्यात सोन्याच्या चढत्या भावाचा मोह होता, तसाच कर्जाने आणि पडत्या भावाने गांजलेल्या कुटुंबांनी मोडलेल्या डागिन्यांचाही भाग होता. 'भक्कम' रुपया आणि भक्कम अर्थव्यवस्था या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या दशकाने कटू अनुभवातून शिकविले.

आंबेडकरांचा आक्षेप

परंतु याचा अर्थ स्वस्त रुपया म्हणजे समृद्धी, असा होतो काय? या वादात एका मराठी अर्थशास्त्रज्ञाने घातलेली भर आजही मोलाची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्षही झाली. आंबेडकरांच्या विवेचनापुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनुभव होता. त्या काळी रुपया चांदीचा होता, आणि जगात चांदीचा भाव पडत गेल्याने १८७० च्या सुमारास जवळजवळ २ शिलिंग असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत १५ पेन्सांच्या आसपास आला. याच काळात मुंबईच्या गिरण्या वाढल्या, त्यांचे सूत चीनच्या बाजारपेठेत जाऊ लागले, आणि पडता रुपया हेच या भरभराटीचे कारण होय, असे मानणारा एक मोठा वर्ग तयार झाला.

आंबेडकरांनी या समजुतीवर बोट ठेवले. निर्यातदाराला पडत्या रुपयामुळे जो जादा नफा होतो तो येतो कोठून, असा त्यांचा सवाल होता. त्यांचे उत्तर असे की, हा नफा बाहेरून देशात आलेला नसतो. देशातील किमती वाढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. मजुराच्या खऱ्या वेतनात पडलेली ही तूट म्हणजेच मालकाचा नफा. तेव्हा हा राष्ट्राचा लाभ नव्हे, एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या पदरातून घेतलेला तो लाभ होय.

हा आक्षेप पडत्या रुपयाच्या समर्थकांना सहजी टाळता येत नाही. त्याला एकच समर्पक उत्तर संभवते. त्या नफ्यातून नवे कारखाने उभे राहिले, नवे हात कामाला लागले आणि कालांतराने मजुरीही वाढली, तर आजचा त्याग उद्याच्या विकासाचे भांडवल ठरतो. ते घडले नाही, तर तो त्याग वाया जातो. स्वातंत्र्यानंतर रुपयाची जी अवमूल्यने झाली, त्यांना हीच कसोटी लावून पाहिली पाहिजे.

१९६६ : फसलेले अवमूल्यन

१९४९ च्या सप्टेंबरात ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले आणि त्यापाठोपाठ रुपयाही उतरविण्यात आला. डॉलरचा भाव ३ रुपये ३० पैशांच्या आसपास होता, तो ४ रुपये ७६ पैसे झाला. पुढील जवळजवळ सतरा वर्षे हा दर जागचा हलला नाही. मात्र योजनांचा वाढता खर्च, युद्धे आणि धान्याची टंचाई यांमुळे देशातील किमती वाढत गेल्या आणि खऱ्या अर्थाने रुपया महाग होत गेला. ही विसंगती झाकण्यासाठी सरकारने एका हाताने आयातीवर परवान्यांचे निर्बंध घातले आणि दुसऱ्या हाताने निर्यातदारांना तऱ्हेतऱ्हेची अनुदाने दिली. दर एक, पण प्रत्येक वस्तूसाठी प्रत्यक्ष भाव निराळा, अशी ती व्यवस्था होती. आयात परवाना हीच मग एक मौल्यवान मालमत्ता बनली, आणि कारखानदाराचे लक्ष उत्पादनापेक्षा दिल्लीतील कचेऱ्यांकडे अधिक लागले.

६ जून १९६६ रोजी रुपयाचे सुवर्णमूल्य ३६.५ टक्क्यांनी घटविण्यात आले आणि डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. अर्थमंत्री सचिंद्र चौधरी होते आणि श्रीमती इंदिरा गांधींना पंतप्रधानपदी येऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते. हा निर्णय मदत देणाऱ्या देशांच्या आणि जागतिक बँकेच्या दडपणाखाली झाला, ही भावना देशात इतकी तीव्र होती की 'अवमूल्यन' हा शब्द पुढील पंचवीस वर्षे राजकारणात अशुभ मानला गेला.

अपेक्षित फळ मिळाले नाही, हे खरे. डॉलरच्या हिशेबात निर्यात पहिल्या वर्षी वाढण्याऐवजी घटली आणि घाऊक किमती मात्र दोन आकडी टक्क्यांनी चढल्या. परंतु याचा दोष केवळ अवमूल्यनाला देणे यथार्थ होणार नाही. १९६५-६६ आणि १९६६-६७ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६४-६५ मधील सुमारे ८ कोटी ९० लाख टनांचे धान्योत्पादन पुढच्याच वर्षी सुमारे ७ कोटी २० लाख टनांवर आले. अवर्षणाने अन्नाबरोबर कच्चा मालही आखडला. त्या काळची निर्यात म्हणजे प्रामुख्याने ताग, चहा आणि सुती कापड. चहा स्वस्त झाला म्हणून जग दुप्पट चहा पीत नाही, आणि ताग-कापूस शेतातच पुरेसा पिकला नसेल तर गिरणीला परदेशी ग्राहक मिळूनही उपयोग नसतो. शिवाय अवमूल्यनाबरोबरच जुनी अनुदाने रद्द झाली आणि चहा-तागासारख्या मालावर निर्यातकर बसला. त्यामुळे निर्यातदाराच्या हाती पडलेला लाभ कागदावरील आकड्याच्या मानाने पुष्कळच कमी होता. भांडवली खर्चाला कात्री लागल्याने यंत्रोद्योगात मंदी आली आणि पंचवार्षिक योजनेची मालिका तीन वर्षे खंडित झाली. सारांश, भाव बदलला, पण त्या भावाने विकण्याजोगा माल आणि तो तयार करण्याची मोकळीक, या दोहोंचीही वाण होती. किंमत सामान्य ग्राहकाने मोजली, आणि तिचे भांडवल काही झाले नाही.

१९९१ : तेच औषध, निराळा गुण

पंचवीस वर्षांनी तेच औषध पुन्हा घ्यावे लागले. १९९० च्या आखाती संकटाने तेल महागले आणि परदेशस्थ भारतीयांच्या ठेवी काढून घेतल्या जाऊ लागल्या. १९९१ च्या जूनपर्यंत परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले. १ आणि ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत रुपया उतरविण्यात आला, आणि २१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर सुमारे २६ रुपयांवर गेला.

या खेपेसही पहिले वर्ष कठीणच गेले. १९९१-९२ मध्ये विकासाचा वेग एक टक्क्याच्या थोडा वर इतका मंदावला, महागाई दोन आकडी झाली आणि डॉलरमधील निर्यात किंचित घटलीच. पण पुढचा मार्ग निराळा होता. अवमूल्यनाच्या जोडीला बहुतेक उद्योगांचे परवाने रद्द झाले, यंत्रे आणि कच्चा माल यांच्या आयातीवरील बंधने सैल झाली आणि जकातीचे दर क्रमाने खाली आणण्यात आले. मार्च १९९३ मध्ये दर बाजारावर सोपविण्यात आला. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ डॉलर ३१ रुपयांच्या आसपास स्थिर राहिला. १९९३-९४ पासून सलग तीन वर्षे डॉलरमधील निर्यात २० टक्क्यांच्या आसपास वाढली, आणि दशकाच्या मध्यास विकासाचा वेग सात टक्क्यांच्या घरात पोहोचला.

दोन्ही अवमूल्यनांतील फरक टक्केवारीत शोधू गेल्यास उलटेच उत्तर मिळेल. १९६६ चा धक्का १९९१ च्या धक्क्यापेक्षा किती तरी मोठा होता. खरा फरक आजूबाजूच्या परिस्थितीत होता. १९९१ पर्यंत देश अन्नधान्यात बव्हंशी स्वावलंबी झाला होता, निर्यातीत यंत्रसामग्री, रसायने, औषधे आणि तयार कपडे यांची भर पडली होती, आणि स्वस्त रुपयाचा लाभ उठवू इच्छिणाऱ्या कारखानदाराच्या वाटेतील परवान्याची भिंत खाली आली होती. विनिमय दराने दार उघडले, परंतु दाराशी येऊन उभे राहण्याची ताकद आधी कमावलेली होती.

पूर्वेचा दाखला

पडत्या रुपयाचे समर्थक पूर्व आशियाकडे बोट दाखवितात, आणि ते सर्वस्वी चूक नाही. जपानने १९४९ ते १९७१ अशी बावीस वर्षे डॉलरला ३६० येन हा दर राखला आणि त्याच काळात तो औद्योगिक राष्ट्रांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. दक्षिण कोरियाने १९६४ साली डॉलरचा भाव १३० वॉनवरून २५५ वॉनवर नेला आणि त्यानंतर त्याची निर्यात झपाट्याने वाढली. चीनने १९९४ च्या आरंभी अधिकृत दर डॉलरला ५.८ युआनवरून ८.७ युआनवर आणला, आणि पुढे २००५ पर्यंत तो ८.३ च्या आसपास जवळजवळ खिळवून ठेवला. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी २००८ साली अनेक देशांची आकडेवारी तपासून असा निष्कर्ष मांडला की, चलन खऱ्या अर्थाने स्वस्त असणे विकसनशील देशांच्या वाढीस पोषक ठरते.

तथापि या देशांत स्वस्त चलनाबरोबर आणखीही पुष्कळ काही होते. प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक झाले होते किंवा होत होते, बचतीचे प्रमाण मोठे होते आणि बंदरे, वीज व रस्ते यांवर सातत्याने खर्च होत होता. मजुराने आज कमी खावे आणि त्यातून उद्याचा कारखाना उभा राहावा, हा सौदा तेथेही झाला. पण कारखाना खरोखरच उभा राहिला आणि मजुराच्या मुलाला त्यात काम मिळाले. उलट बाजूचा दाखला अर्जेंटिनाचा. त्या देशाने १९९१ साली कायद्याने एक पेसो बरोबर एक डॉलर असा दर बांधला. महागाई आटोक्यात आली, प्रतिष्ठाही वाढली. परंतु महाग पेसोने निर्यात गुदमरली, कर्ज साचले, आणि २००२ च्या आरंभी ती व्यवस्था कोसळली तेव्हा त्या एका वर्षात राष्ट्रीय उत्पन्न दहा टक्क्यांहून अधिक घटले. ताठ चलनाचा अभिमान असा महाग पडतो.

ताटातील वाटा

आजची स्थिती या साऱ्या इतिहासापेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे. रुपया उतरला की पुण्यातील संगणकसेवा कंपनीची मिळकत वाढते, कारण तिची विक्री डॉलरमध्ये आणि बहुतेक पगार रुपयांत असतो. परंतु हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या व्यापाऱ्याला कच्चा हिरा बाहेरून आणावा लागतो आणि तेलशुद्धीकरण करणाऱ्याला खनिज तेल. त्यांचा एका हाताचा लाभ दुसऱ्या हाताने जातो. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आणि खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात करावे लागते. त्यामुळे पडत्या रुपयाची झळ मालमोटारीच्या भाड्यातून भाजीबाजारात आणि तेलाच्या पिशवीतून स्वयंपाकघरात पोहोचते. निर्यातीशी दूरचाही संबंध नसलेली शेतमजूर स्त्री ती किंमत रोज मोजते. शंभर वर्षांपूर्वीचा आंबेडकरांचा प्रश्न तिच्या दारात आजही उभा आहे.

शेतकऱ्याचे काय? शास्त्राप्रमाणे पडता रुपया निर्यातक्षम पीक घेणाऱ्याला फायद्याचा असावयास हवा. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला तो काही अंशी होतोही, जरी त्याला लागणारे पालाश खत जवळजवळ सर्वस्वी आयातीचे असले तरी. पण कांद्याची कथा निराळी आहे. २०२२ साली डॉलरने ८० रुपयांची पातळी ओलांडली. रुपया इतका स्वस्त झालेला असताना २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले आणि त्या डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि शुल्क यांच्या अटींसह. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ पासून. म्हणजे पडत्या रुपयामुळे डिझेल आणि खत महागण्याचा भार कांदाउत्पादकाने सोसावयाचा, आणि त्याच रुपयामुळे मिळू शकणारा वाढीव भाव मात्र शहरी ग्राहकासाठी त्याने सोडावयाचा. विनिमय दराचा तोटा पुरता आणि नफा मात्र सरकारी आदेशाच्या मर्जीवर, अशी ही स्थिती आहे. १९६६ मध्ये अवमूल्यनाबरोबर निर्यातकर लावून जी चूक झाली, तिचीच ही लहान आवृत्ती होय.

रिझर्व्ह बँकेकडील गंगाजळीने २०२१ च्या जूनमध्ये ६०० अब्ज डॉलरची रेषा ओलांडली. सोने तारण ठेवण्याची नामुष्की आलेल्या देशासाठी ही मोठीच मजल आहे. परंतु या गंगाजळीचा उपयोग एखादा विशिष्ट आकडा राखण्यासाठी करणे इष्ट नव्हे. दराचे हेलकावे सौम्य करणे हे तिचे काम आहे. देशातील महागाई इतरांहून अधिक असेल, तर रुपया हळूहळू उतरणे अपरिहार्य असते, आणि ते रोखून धरणे म्हणजे १९२७ किंवा १९६५ च्या चुकीकडे परतणे होय. मात्र त्या उतरण्याला विकासाचे धोरण समजणे हीदेखील तितकीच मोठी चूक ठरेल. ज्या दिवशी रुपया उतरतो, त्या दिवशी सरकारवर तीन कर्तव्ये येऊन पडतात. निर्यातीच्या वाटेतील स्वतःचेच अडसर काढावयाचे, बंदर, वीज आणि शिक्षण यांवरील खर्चाला कात्री लागू द्यावयाची नाही, आणि ज्यांच्या ताटातून ही किंमत जाते त्यांच्या मजुरीला व धान्याला संरक्षण द्यावयाचे.

ही तीन कर्तव्ये पार पडली, तर उतरता रुपया सोसण्याजोगा असतो आणि त्यातून काही उभेही राहते. ती टाळली गेली, तर डॉलरचा भाव कितीही असो, त्या भावाचा हिशेब शेवटी शेतमजूर स्त्रीच्या तेलाच्या पिशवीतूनच पुरा केला जातो.